ऐकणाऱ्यांची चूक

कप्तानाने आपला आवाज घरूनच भरून आणला होता.

त्यासाठी त्याने एका स्टुडिओत अर्धा दिवस घालवला होता, आदल्या दिवसापासून थंड पाणी सोडलं होतं, आणि तयार झालेली तीन वाक्यं दोन पेनड्राइव्हवर घालून एक स्वतःच्या खिशात, दुसरा वकिलांच्या खिशात ठेवला होता. विमानाला काही झालं तर निदान आवाज वाचावा, असा विचार असावा. दोन्ही खिसे एकाच विमानात होते, पण इतक्या खोलात शिरायची कप्तानाची रीत नव्हती.

कप्तान म्हणजे जहाजावरचा नव्हे. त्याला तलावातल्या नावेतसुद्धा मळमळायचं. त्याची विजेच्या सामानाची तीन दुकानं होती आणि हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबची अध्यक्षाची खुर्ची अकरा वर्षं त्याच्या बुडाखाली होती. स्पर्धेसाठी संघ परदेशी न्यायचा ठरला, त्या दिवसापासून त्याने स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्यांमधूनच तर संघ निवडला होता.

संघात चौघं. एक तो. दुसरे दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून ठेवून त्यांना स्वतःचं उघडायची सवय राहिली नव्हती. तिसरे वकील, त्यांचं मिटायचंच नाही. आणि चौथी मिस्त्रींची मुलगी.

ती विज्ञानाची पदवी घेऊन वजनमापं तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. दुकानातला किलो खरोखर किलो भरतो का, हे पाहणं तिचं काम. संघात आपल्याला कशाला घेतलंय, याबद्दल तिच्या मनात कसलाही भ्रम नव्हता. चौदा खोक्यांची यादी करायला, संगणक जोडायला, लॉग म्हणजे संपर्कांची नोंद सांभाळायला आणि छायाचित्रात एक तरुण चेहरा दिसावा म्हणून. शिवाय तिच्या बापाची जागा रिकामीच होती.

ती जागा कशी रिकामी झाली, हे सांगायला हवं. मिस्त्री म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले. त्यांच्या आठ फुटी दुकानात स्टुलावर बसून कप्तान पहिल्यांदा तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकला होता, तेव्हा तो कप्तान नव्हता आणि त्याला तीन टाक्यांपैकी दोन कच्चे पडायचे. पुढे क्लब झाला, स्पर्धा सुरू झाल्या, आणि गोंगाटातून एखादं बारीक नाव उचलायचं असलं की सगळे मिस्त्रींकडे बघायचे. असा कान. दोन वर्षांपूर्वी मात्र ऐन स्पर्धेत मिस्त्रींचा डावा कान सर्दीने फुटला. तरी ते बसले, आणि निकालात त्यांच्या नावापुढे चुकांची टक्केवारी आली नऊ. कप्तानाने वार्षिक सभेत तो कागद उभा राहून वाचून दाखवला. "मिस्त्रींबद्दल आदर आहेच," तो म्हणाला, "पण आता त्यांचा कान गेला." कान महिन्याभरात बरा झाला. सभा झाली ती झालीच.

तेव्हापासून मिस्त्री घरी, मागच्या खोलीत, आपल्या जुन्या सेटवर एकटेच ऐकत बसायचे. यंदा त्यांनी दोन वर्षांनी पुन्हा स्पर्धेत उतरायचं ठरवलं, घरूनच. मुलगी निघाली त्या सकाळी ते तिची बॅग दारापर्यंत घेऊन आले आणि आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "यंदा एक जरी चूक निघाली ना, तर सेट विकून टाकतो. गेलेल्या कानाने उगाच हवेत गर्दी कशाला करायची?"

आई म्हणाली, "नेहमीचंच आहे हे."

पण मुलीला माहीत होतं, हे पहिल्यांदाच होतं.

आता स्पर्धा काय असते ते. जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला एक आकडा आहे. शनिवार-रविवार मिळून अठ्ठेचाळीस तास जगभरचे हौशी रेडिओवाले एकमेकांना हाका मारतात. मी तुला ऐकतो, माझा आकडा अमुक. मीही तुला ऐकतो, माझा तमुक. झाला संपर्क, मिळाले गुण, पुढचा. ज्या ठिकाणाहून एरवी कोणी बोलत नाही तिथे जाऊन बसलं की सगळं जग तुमच्यावर तुटून पडतं, म्हणून तर लोक खोकी घेऊन परक्या बेटांवर जातात. शेवटी प्रत्येकाने आपला लॉग पाठवायचा. समिती दोन्ही बाजूंचे लॉग ताडून बघते. मी पाठवलेला आकडा आणि तू लिहून घेतलेला आकडा जुळला नाही, तर तू चुकीचं ऐकलंस. तुझा संपर्क रद्द, वर तिप्पट दंड. पाठवणाऱ्याचा लॉग प्रमाण. चूक ऐकणाऱ्याची.

घरचा आकडा एकोणतीस. बेटाचा अकरा. पोचल्या दिवशी मुलीने संगणकात सगळीकडे अकरा भरला, दोनदा तपासला, आणि लॉगच्या 'पाठवला' या रकान्यात तो आपोआप पडेल अशी सोय केली.

टेकडीवर भाड्याने घेतलेल्या घराची बैठकीची खोली त्यांनी रेडिओची खोली केली होती. गुळगुळीत फरशी, दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, जेवणाच्या टेबलावर सेट, पडद्याच्या दांडीवरून आत आलेल्या अँटेनाच्या जाड वायरी. कप्तानाची खुर्ची मात्र वेगळी, घरमालकाच्या झोपायच्या खोलीतून ओढून आणलेली, हातांची. त्याच्या पाळीत मुलीने शेजारी बसून टंकायचं. त्याने फक्त बटणं दाबायची. एक बटण दाबलं की त्याचा भरून आणलेला आवाज साद घालायचा, दुसरं दाबलं की आकडा सांगायचा, तिसऱ्याने आभार मानायचे. आवाज संगणकातून थेट सेटमध्ये आणि तिथून आकाशात. खोलीत काही ऐकू यायचं नाही. मुलीच्या हेडफोनमध्ये फक्त बाहेरून येणारं. आपलं पाठवणं चालू असेल तेवढा वेळ तिथे शांतता. कप्तानाला स्वतःला मात्र आपल्या हेडफोनमध्ये तो आवाज ऐकू यायचा. तो ऐकताना त्याचा चेहरा आपल्याच लग्नाचा अल्बम चाळत असल्यासारखा व्हायचा.

"घसा बसत नाही," तो डॉक्टरांना समजावायचा. "तुम्ही लोक ओरडता. मी चहा पितो आणि जग जिंकतो."

"मग आमचेही आवाज भरायचे होते," वकील म्हणाले.

"तुमचा आवाज? सुनावणी थोडीच आहे ही."

डॉक्टर हसले. डॉक्टरांचं हसणं भूल दिलेल्या बाजूने यायचं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला संपर्क धो धो येत होते. कप्तान एका हाताने बटणं दाबत होता, दुसऱ्या हातात कप. अधूनमधून कोणीतरी आकडा पुन्हा विचारायचं. एकाने तर "नक्की ना?" असंही विचारलं. कप्तानाने तेच बटण पुन्हा दाबलं आणि म्हणाला, "आज काय बहिऱ्यांचं संमेलन आहे का?"

मुलीला मोजायची सवय. तिने वहीच्या कडेला रेघा ओढायला सुरुवात केली होती. कोणाच्या पाळीत तासाला किती जण आकडा पुन्हा विचारतात? डॉक्टर, चार. ती स्वतः, पाच. वकील, सहा, ते भरभर बोलतात. कप्तान, एकवीस. तिने अँटेनाची दिशा लिहिली, वेळ लिहिली, त्या वेळची खरखर लिहिली. कशानेच एकवीस निघेना. शेवटी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ती टंकत राहिली.

आणि मग गर्दीच्या तळातून एक बारीक, स्थिर आवाज आला. अक्षर न् अक्षर सुटं. पूर्ण नाव ऐकायच्या आतच तिने ते टंकलं होतं.

"अरे वा! बघ कोण आलंय," कप्तान म्हणाला. "तुझे तीर्थरूप. एवढ्याशा सेटवरून! चिकाटी आहे बुवा म्हाताऱ्याची." आणि त्याने बटण दाबलं.

हेडफोनमध्ये शांतता. मग बाबा: "आकडा पुन्हा सांगा."

बटण. शांतता.

"आकडा पुन्हा सांगा."

कप्तानाने मुलीकडे बघून भुवया उडवल्या. बटण. शांतता. या वेळी पलीकडे जरा वेळ काहीच आलं नाही, नुसती खरखर.

"एकदा शेवटचं. आकडा."

चौथ्यांदा बटण दाबून कप्तानाने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मागे वळला. "डॉक्टर, ऐकलंत? जगाला एकदा सांगितलं की पुरतं, मिस्त्रींना चारदा. आणि ही म्हणे कानाची माणसं!"

डॉक्टर हसले. वकील हसले. आणि मुलीनेही ओठ ताणले. कप्तानाच्या टोमण्याएवढा मोठा नसेल, पण तो अपराधच होता, आणि तिला त्याच क्षणी कळलं होतं. त्याहून वाईट म्हणजे तिला खरंच वाटलं, की गेला. बाबांचा कान गेला. इतका स्वच्छ संपर्क, आणि एक आकडा चारदा.

"समजलं. धन्यवाद," बाबांचा आवाज म्हणाला आणि गर्दीत बुडाला.

रविवारी स्पर्धा संपली तेव्हा त्यांच्या लॉगमध्ये तीन हजार नऊशेच्या वर संपर्क होते. सगळ्यांनी आपापले गुण जाहीर केले, त्या यादीत त्यांच्या गटात ते जगात पहिले. कप्तान अँटेनाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि त्याने स्वतःची अकरा छायाचित्रं काढवून घेतली. खांब मुलीने आणि डॉक्टरांनी उभारला होता. उतरवलाही त्यांनीच. सोमवारी सकाळी मुलीने लॉग तयार करून दिला आणि कप्तानाने तो स्वतःच्या शुभहस्ते पाठवून टाकला. नारळ तेवढा फोडायचा राहिला.

परतीच्या विमानात मुलीजवळ दोन गोष्टी होत्या. पाच तासांचा वेळ, आणि अठ्ठेचाळीस तासांचं ध्वनिमुद्रण. पहिल्या तीनांत येणाऱ्याकडे समिती ते मागू शकते, म्हणून तिने आलेलं-गेलेलं सगळं नोंदवून ठेवलं होतं. ती वहीतलं प्रश्नचिन्ह विसरली नव्हती. पण खरं सांगायचं तर तिने आधी उघडलं ते शनिवार, चार वाजून सात मिनिटं. बाबांचा आवाज खरखरीच्या किती वर होता ते तिला मोजायचं होतं. कान किती गेला याचं माप काढायचं होतं. आजारी माणसाचा ताप मोजतात तसं.

बाबांनी नाव सांगितलं. मग कप्तानाचा स्टुडिओतला आवाज आला, लोण्यात घोळवलेला, एकेका शब्दाला इस्त्री केलेला. आणि त्या आवाजाने आकडा सांगितला.

एकोणतीस.

तिला पहिल्यांदा वाटलं, आपलाच कान दगा देतोय. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. एकोणतीस. बाबांनी पुन्हा विचारलं, एकोणतीस. पुन्हा, एकोणतीस. चौथ्यांदा तर तिला त्या आवाजामागचं हसूसुद्धा ऐकू आलं. स्टुडिओत भरतानाच ते भरून ठेवलेलं होतं.

प्रयोगशाळेत एका नमुन्यावर कोणी निकाल देत नाही. तिने कप्तानाच्या पाळ्यांमधले वाटेल तिथले दहा संपर्क काढले. दहाच्या दहा एकोणतीस. डॉक्टरांचे दहा, अकरा. वकिलांचे दहा, अकरा. तिचे दहा, अकरा. म्हणजे कप्तानाने घरी बसून, कोमट पाणी पिऊन, तीस वर्षांच्या सवयीने घरचाच आकडा भरून आणला होता, आणि स्वतःच्या आवाजावर तो इतका भाळला होता की आवाज काय म्हणतोय याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. एक हजार तीनशे शहाऐंशी संपर्कांत.

मग बाकीच्यांनी तक्रार कशी केली नाही? हे तिला क्षणात उमगलं, आणि उमगल्यावर खिडकीबाहेर बघत ती एकटीच हसली. बरं हसू नव्हतं ते. आता सगळ्यांच्या संगणकात देशावरून आकडा आपोआप पडतो. बेटाचं नाव टंकलं की समोर अकरा तयार. बहुतेकांनी आकडा ऐकलाच नव्हता. यंत्राने वाढलेलं गिळून ते पुढे गेले होते. त्यांच्या लॉगमध्ये अकरा, कप्तानाच्या लॉगमध्ये अकरा, सगळे बरोबर. चुकणार होते ते फक्त ऐकणारे. ज्यांनी कान टवकारले, थबकले, पुन्हा विचारलं आणि जे ऐकलं तेच लिहिलं. तासाला एकवीस. आणि त्यांच्यातला एक पेन्सिलने लिहितो. त्याच्या कागदावर काहीच आपोआप पडत नाही.

खोक्यांची वाट बघत चौघं सामानाच्या फिरत्या पट्ट्याशी उभे होते, तिथे तिने सांगितलं. कप्तानाने आधी ऐकलं नाही, मग मानलं नाही. मग तिने त्याच्या कानावर हेडफोन ठेवला. तो ऐकत असताना त्याच्या चेहऱ्यावर सवयीने तोच लग्नाचा अल्बम उमटला आणि हळूहळू पुसला गेला.

"बरं, मग?" तो म्हणाला.

"मग काय, काका! हवेत एकोणतीस गेलंय."

"लॉगमध्ये काय आहे?"

"अकरा."

"मग अकरा. हवेला कोण विचारतं?"

"लॉग हाच पुरावा," वकील पट्ट्यावर नजर ठेवून म्हणाले. "बाकी सगळं ऐकीव."

"ज्यांनी नीट ऐकलं त्यांना तिप्पट दंड बसेल. अडीचशेच्या आसपास लोक आहेत."

"कोण आहेत ते?" कप्तानाने विचारलं. "कोण आहेत, नावं सांग ना! एवढेएवढेसे सेट, गच्चीवर टांगलेली तार आणि दिवसाला चाळीस संपर्क. किडे! त्यांच्या पहिल्या-शेवटच्या नंबराने जगात काय फरक पडतो? आपण जगात पहिले आहोत, बाळ. जगात."

"त्यांच्यात बाबा आहेत."

"म्हणजे हे बापाचं दुखणं आहे होय?" कप्तानाने सुस्कारा सोडला. "मिस्त्रींनी तरी अक्कल वापरायची. बेटाचा आकडा अकरा, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. जे माहीत आहे ते लिहावं, ऐकलं ते कशाला?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मुलीने आशेने बघितलं.

"तिसरं खोकं आलं," डॉक्टर म्हणाले.

"रेकॉर्डिंग खराब झालं म्हणून कळवायचं," कप्तान खोक्याकडे बोट दाखवत म्हणाला. "मागितलंच तर. उचल ते."

तिने उचललं. वाद घालायची तिची पद्धत नव्हती. ती माणसं वजनात कमी भरली की नोंद करून पुढे जायची. शिवाय तिला एक गोष्ट ठाऊक होती. मुदत पाच दिवसांची, आणि तोवर जो लॉग शेवटचा येईल तो खरा. लॉग पाठवायचा सांकेतिक शब्द तिने स्वतःच ठरवला होता. मिरवणारा पुढे चालतो, किल्ल्या कष्ट करणाऱ्याच्या कमरेला असतात, हे मिरवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

घरी आईने दार उघडलं आणि तिच्या हातातली बॅग घेत हळूच म्हणाली, "उद्या एक जण सेट बघायला येणार आहे. तूच बोल आता. माझं ऐकत नाहीत."

"निकाल तरी लागू द्या म्हणावं!"

"त्यांचा लागलाय."

मागच्या खोलीत सेटवर चादर टाकलेली होती. बाबा टेबलाशी बसले होते, पुढ्यात लॉगचे तीन कागद. त्रेसष्ट संपर्क, प्रत्येक ओळ पट्टीने आखलेली. त्यांनी प्रवासाची चौकशी केली, खोकी सगळी आली का विचारलं. किती गुण झाले ते विचारलं नाही.

"पाठवला नाहीत अजून?" तिने कागदांकडे बोट केलं.

"एका ओळीशी अडलोय." त्यांनी दुसरा कागद तिच्याकडे सरकवला. शनिवारच्या एका ओळीत पेन्सिलने २९ लिहिलं होतं आणि समासात बारीक प्रश्नचिन्ह. "तुमची ओळ. तिथला आकडा अकरा, हे मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. पण मला एकोणतीस ऐकू आलं. चारदा."

"मग?"

"मग मी त्याचा अर्थ लावत बसलोय. त्याचा आवाज तीस वर्षं ऐकतोय, एकोणतीससकट. आता बहुतेक कान ऐकतच नाही. आवाज ओळखतो आणि जुनंच काढून पुढे ठेवतो." ते हे अगदी शांतपणे, एखाद्या बिघडलेल्या सेटचं निदान सांगावं तसं म्हणाले. "असा कान आणखी काय काय घरचं घालत असेल, कोणी सांगावं? बाकीच्या बासष्ट ओळींचा तरी भरवसा काय?"

"अकरा का नाही लिहिलंत?"

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ऐकलं नाही ना मी अकरा."

तिने लॅपटॉप उघडला, हेडफोन त्यांच्या कानावर घातला आणि चार वाजून सात मिनिटांवर नेलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. एक बोट वर करून खूण केली, पुन्हा. तिने पुन्हा लावलं. पुन्हा खूण, पुन्हा लावलं. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढला, वायर गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

"आवाज सुंदर भरलाय," ते म्हणाले. "स्टुडिओत?"

"हो."

"हं. म्हणजे माणूस बेटावर गेला आणि आवाज घरीच राहिला." आणि ते हसायला लागले. पहिल्यांदा नाकातून, मग पोटातून. आई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून डोकावली. "अगं, त्याला नेहमी तीनातले दोन टाके कच्चे पडायचे," ते तिला म्हणाले, "यंदा सगळेच पडले!"

मग खोडरबर घेऊन त्यांनी समासातलं प्रश्नचिन्ह पुसलं. आकड्याला हात लावला नाही.

मुलीने त्यांच्याच टेबलावर संघाचा लॉग उघडला. मिळालेला आकडा ध्वनिमुद्रण ऐकून मागाहून सुधारायला नियमाने बंदी होती. पाठवलेला खरा लिहायला नव्हती. खरा लिहावा, हाच तर नियम होता. कप्तानाच्या एक हजार तीनशे शहाऐंशी ओळींत 'पाठवला' या रकान्यात तिने एकोणतीस भरलं. चुकीचा आकडा पाठवला की त्या संपर्काचे पाठवणाऱ्याला गुण नाहीत. म्हणजे जगात पहिले ते यादीच्या तिसऱ्या पानावर. आणि ज्या अकराशे-बाराशे लोकांनी न ऐकता अकरा ठेवून दिला होता, ते आता सगळे दंडात. त्यांची तिला दया येते का, हे तिने प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. थोडी आली. टंकायचं थांबावं इतकी नाही.

"तुझ्या पाळीतलं सगळं ऐकलंस?" बाबांनी तिच्या खांद्यावरून विचारलं.

"दहा ऐकले."

"किती आहेत?"

"चारशे बारा."

 बाबा स्टूल ओढून शेजारी बसले.

दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत दोघांनी चारशे बाराही ऐकले. सहा जागी पलीकडच्या माणसाने एक आकडा सांगितला होता आणि तिने यंत्राने ठेवलेला दुसराच पुढे जाऊ दिला होता. सहा. तिला वाटलं होतं शून्य. एका ठिकाणी तर तो माणूस आकडा दोनदा सांगत होता, ठासून, आणि तिने त्याचं बोलणं संपायच्या आत पुढच्याला घेतलं होतं. कप्तान आणि ती यांच्यात फरक होता तो प्रमाणाचा. वजनमापांच्या प्रयोगशाळेत प्रमाणाला महत्त्व असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती फारशी पटली नाही.

"हे सहा?" तिने विचारलं.

"सुधारायचे नाहीत असा नियम आहे म्हणालीस ना?"

"हो."

"मग राहू दे. भर दंड."

त्या सहा ओळी तशाच ठेवून तिने लॉग पाठवला. सोबत चार ओळींचं पत्र: आमच्या एका खेळाडूने स्पर्धाभर चुकीचा आकडा पाठवला, ऐकणाऱ्यांची चूक नाही, ध्वनिमुद्रण जोडलं आहे. सेट बघायला आलेल्या माणसाला आईने दारातच सांगितलं, "विकायचा नाही. यांना ऐकू येतं." तो बिचारा काही न समजून परत गेला.

संघाचा लॉग बदलल्याची पोच संध्याकाळी सगळ्यांना एकदमच गेली असणार, कारण पाच मिनिटांत फोन वाजला. तो बाबांच्या हातालगत होता. पलीकडून कप्तानाचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. कसली इस्त्री नाही, लोणी नाही, फाटलेला, घशातून आलेला.

"कुठे आहे ती? काय केलंय तिने कळतंय का तुम्हाला? क्लबातून काढीन दोघांनाही! मिस्त्री? ऐकताय ना?"

बाबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, मुलीकडे बघून भुवया उडवल्या, आणि अक्षर न् अक्षर सुटं करत म्हणाले, "पुन्हा सांगा."

कप्तानाने पुन्हा सांगितलं. आधीपेक्षा मोठ्याने.

"पुन्हा सांगा," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी सेटवरची चादर ओढून काढली.